हंडेवालीच्या खाली

त्याचं खरं नाव शर्टावरच्या बिल्ल्यावर लिहिलेलं असे, पण ते वाचायची तसदी कोणी घेत नसे. बसचा ड्रायव्हर, तिकीट खिडकीवरची बाई, समोरचा चहावाला, इतकंच काय, घरची मंडळीसुद्धा पाठीमागे त्याला ‘चलाचला’ म्हणत. दिवसभर त्याच्या तोंडी तोच एक जप. “चला, चला! पुढे अजून खूप बघायचंय, चला!” माणूस कधी कुठे निवांत उभा राहिलेला कोणी पाहिला नव्हता.

काम गाईडचं. चपला दुरुस्त करणारा आणि औषधाचं दुकान यांच्या मधल्या एका अरुंद खोलीत त्याच्या कंपनीचं ऑफिस होतं. काचेचं टेबल, चार घडीच्या खुर्च्या, भिंतीवर उन्हाने विटलेला एक मोठा फोटो. सकाळी तिथून बस सुटायची, शहराबाहेरच्या दगडांच्या माळावर जायची, दिवसभर लोकांना हिंडवायची आणि संध्याकाळी त्याच दारात आणून सोडायची. त्या माळावर निसर्गाने काय करून ठेवलंय ते सांगून पटणार नाही. वाऱ्यापावसाने दगड असे कोरलेत की एखादा कारागीर काम अर्धवट टाकून जेवायला गेला असावा. एकीकडे बारीक सुळक्यांची रांग, तिला म्हणायचं ‘बत्तिशी’. एकमेकींकडे पाठ फिरवून उभ्या असलेल्या दोन शिळा, त्या ‘जावा’. “कधीपासून बोलत नाहीत दोघी, आणि भांडण कशावरून झालं ते आता त्यांनाही आठवत नाही,” असं चलाचला म्हणायचा. बसमधल्या बायका हमखास हसायच्या, आणि नवरे जरा जपून हसायचे.

पण लोक यायचे ते हंडेवालीसाठी. कंबरेत बारीक असलेला एक उंच खांब आणि त्याच्या डोक्यावर घराएवढा मोठा गोल धोंडा. डोक्यावर हंडा घेतलेली बाई तोल सांभाळत क्षणभर थांबलीय, असंच वाटे. ऑफिसातल्या भिंतीवरचा फोटो तिचाच होता. तिच्या खाली उभं राहायचं, धोंडा आपणच पेललाय असे दोन्ही हात वर करायचे आणि फोटो काढून घ्यायचा, हा रिवाजच पडून गेला होता. ज्याने तो फोटो काढला नाही त्याची सहल फुकट गेली, असं लोक मानत.

आणि चलाचलाला त्या धोंड्याची भीती वाटायची.

साधीसुधी नाही. लोक हंड्याखाली शिरले की त्याच्या तळहातांना घाम फुटायचा. हसऱ्या चेहऱ्याने तो विनोद सांगत राहायचा आणि नजर मात्र धोंड्याच्या बुडाशी असलेल्या बारीक भेगेवर. आज पडेल, आत्ता पडेल. पहिला फोटो निघाला न निघाला तोच ह्याचं “चला, चला” सुरू. लोकांना वाटायचं, याला घरी जायची घाई आहे. कंपनीच्या साहेबांनी तर एकदा तोंडावर सुनावलं होतं, “लोक दगड बघायला येतात, तुझी पाठ बघायला नाही.” त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. सांगणार तरी काय? पोहायला शिकवणाऱ्याने पाण्याची भीती वाटते म्हणून सांगावं, त्यातलाच प्रकार. बायकोलासुद्धा त्याने कधी सांगितलं नव्हतं.

भीती उगीच आली नव्हती. त्याचे वडील दगडाच्या खाणीत कामाला होते. एके दिवशी दुपारी, वारा नाही, वादळ नाही, कोणी हातही लावलेला नाही, अशा वेळी एक शिळा निसटली आणि वडिलांचा पाय घोट्यापासून निकामी करून गेली. ते वाचले, पुष्कळ वर्षं जगले, पण कोणी विचारलं की एकच सांगत, “दगड ओरडून पडत नाही बाबा.” हे वाक्य ऐकत पोरगा मोठा झाला आणि नशिबाचा फेरा असा की पोटासाठी दगडांच्यातच येऊन पडला.

हंडेवालीपासून लोकांना एकदा हलवलं की त्याचा जीव भांड्यात पडे. कारण पुढचा मुक्काम आजीचा. आजी म्हणजे रुंद बुडाची, जमिनीला टेकून बसलेली बुटकी शिळा. तिचा वरचा भाग छपरासारखा पुढे आलेला, आणि त्याखाली ऐसपैस सावली. ड्रायव्हर मामा बस घेऊन आडवाटेने आधीच तिथे जायचा, सतरंज्या अंथरायचा, जेवणाचे डबे मांडायचा. आजीच्या मांडीवर बसून लोक पोटभर जेवायचे आणि चलाचला पाठ टेकून मोकळा श्वास घ्यायचा. वरून कधीमधी दगडाची बारीक कच डब्यात पडे. कोणी कुरकुर केली की तो म्हणे, “आजी मीठ घालतेय, नाही म्हणू नका!” पुन्हा हशा.

त्या वर्षी सासूबाई राहायला आल्या. आयुष्यभर शिवणकाम केलेली बाई, त्यातच डोळे गेलेले. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लेकीच्या शहरात झालं, आणि पट्टी सुटल्यापासून त्यांना बघण्याचं वेडच लागलं. खिडकीत उभ्या राहून समोरच्या घराच्या विटा बघत. चमच्यावरची नक्षी बघत. जावयाच्या शर्टाची कॉलर बघून म्हणाल्या, “अगं बाई, ही शिवण कोणी घातली? त्याला पकडून आणा.” डॉक्टरांनी बाहेर फिरायची मोकळीक दिली, फक्त काळा चष्मा लावायला सांगितला, तेव्हा बायको चलाचलाला म्हणाली, “आईला दगड दाखवून आणा ना. साऱ्या जगाला दाखवता, तिलाच तेवढं राहिलंय.”

“आणू की,” तो म्हणाला.

“आणि हे बघा, तिला चला-चला करायचं नाही. सांगून ठेवते.”

“छे! आईंना मी असं म्हणेन का?”

नसताच म्हणाला. तिथेच तर सगळी गोची होती. सासूबाई त्याला ‘जावईबापू’ म्हणत, तो बसल्याशिवाय ताटाला हात लावत नसत, आणि तोही त्यांच्यापुढे आवाज चढवत नसे. लग्नाला इतकी वर्षं झाली, दोघांत एक अवघडलेला आदर होता, तो काही मोडला नव्हता.

सहलीच्या दिवशी सासूबाई पहिल्या सीटवर, मामाच्या मागे बसल्या. मांडीवर भलीमोठी पिशवी. बसमध्ये एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं, गळ्यात कॅमेरा अडकवलेले एक निवृत्त मुख्याध्यापक होते, आणखी काही मंडळी होती. चलाचलाने नेहमीचं भाषण केलं. सासूबाई कान देऊन ऐकत होत्या. त्यामुळे बिचारा दोनदा अडखळला.

बत्तिशीपाशीच खोळंबा सुरू झाला. सासूबाई एकेका दातापाशी थांबत, चष्मा कपाळावर चढवत, दगडाला बोट लावून बघत. चलाचला जवळ जाऊन हळूच म्हणाला, “आई, निघू या का?”

“हो हो, निघू या की,” सासूबाई म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत.

जावांपाशी तेच. “भांडण थोरलीनेच सुरू केलं असणार,” त्यांनी निकाल दिला, आणि थोरली कोण यावर नवरीशी बराच वेळ चर्चा केली. बाकीच्या मंडळींनाही मजा वाटू लागली. एरवी पाय ओढत मागे राहणारे लोक त्यांच्याभोवती जमले. आता दिसतंय तर बघून घेते, म्हणत म्हणत त्या सगळ्यांनाच बघायला लावत होत्या. मामाने बसमध्ये चढता चढता चलाचलाला डोळा मारला. “मी पुढे जाऊन डबे मांडतो. तुमचं चालू द्या निवांत.”

हंडेवालीपाशी पोचेपर्यंत सूर्य डोक्यावर आला होता. जोडप्याचा फोटो झाला, कोणाकोणाचे झाले. चलाचलाच्या तळव्यांना घाम सुटला होता. “चला...” तो म्हणाला आणि तेवढ्यात सासूबाई धोंड्याखाली जाऊन उभ्या राहिल्या.

“थांबा हो, मला नीट होऊ द्या.” त्यांनी पिशवीतून कंगवा काढला. केस नीट केले. गळ्यातला रुमाल सोडला, पुन्हा बांधला. चष्मा काढून पिशवीत ठेवला. “याच्यात मी चोरासारखी दिसते.” मग फोटोचं सोडून मान वर करून धोंड्याचं पोटच बघत बसल्या. “जावईबापू, इथे बघा, शिवण आहे.”

तीच भेग. ज्या भेगेकडे तो वर्षानुवर्षं चोरून बघत होता, तिच्याकडे सासूबाई बोट दाखवून कौतुक करत होत्या.

“आई, जेवायला उशीर होईल. मंडळी खोळंबलीत.”

“नाही, नाही, आम्हाला काही घाई नाही,” मुख्याध्यापक कॅमेरा सरसावत म्हणाले. मदत करायची म्हणून माणसं कधीकधी जीवच घेतात.

“घाईत घातलेली शिवण आणि घाईत काढलेला फोटो, दोन्ही वाया,” सासूबाई म्हणाल्या. “आणि मी एकटीच काय उभी राहू? तुम्हीही या.”

“नको आई. मी काय, रोजच असतो इथे.”

“रोज खाली उभे राहता?”

“नाही... बघतो रोज.”

“मग या की!”

सगळे हसले. कोणी तरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. दुसरं कोणी असतं तर त्याने सतरा सबबी सांगितल्या असत्या. साहेबांनी हुकूम केला असता तरी पायात गोळा आल्याचं सोंग केलं असतं. पण सासूबाई हात पुढे करून उभ्या होत्या, आणि त्या हाताला नाही म्हणायची सोय नव्हती. तो गेला. जिच्या खाली इतक्या माणसांना उभं केलं, त्या हंडेवालीच्या खाली तो स्वतः पहिल्यांदाच उभा राहत होता. खाली थंड होतं. वडिलांचं वाक्य कानात घुमत होतं. “हात वर करा,” मुख्याध्यापक ओरडले. त्याने एक हात वर केला, डोळे गच्च मिटले.

आणि धडाड्‌कन आवाज झाला.

जमीन पायाखाली हादरली. संपलं, त्याला वाटलं. बायकोला काय तोंड दाखवू, हाही विचार येऊन गेला, जणू तोंड शिल्लकच राहणार होतं. मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याला आवाज अजून ऐकू येतोय. त्याने एक डोळा उघडला. वर धोंडा जिथल्या तिथे. शेजारी सासूबाई जिथल्या तिथे. समोर सगळी मंडळी पाठमोरी, आणि सगळ्यांची तोंडं पलीकडच्या टेकाडाकडे. तिथून पांढऱ्या धुळीचा लोट वर चढत होता.

टेकाडापलीकडे आजी होती. आणि आजीच्या मांडीवर मामा डबे मांडत होता.

तो धावला. ठेचा लागल्या, एकदा गुडघ्यावर पडला, उठून पुन्हा धावला. “मामा! मामा!” टेकाडावरून त्याने खाली पाहिलं तर आजीचं छप्परच राहिलं नव्हतं. पुढे आलेला तो सगळा भाग सपाट खाली बसला होता. सतरंजीचं एक लाल टोक तेवढं दगडाखालून बाहेर आलेलं होतं. त्याला पुढे पाऊल टाकवेना.

“अरे काय झालं काय?” मागून आवाज आला.

मामा! पार वळणावर उभ्या केलेल्या बसच्या दारात, एका पायात बूट, एक पाय अनवाणी, टोपी कानावर आलेली. “डबे मांडून झाले होते. म्हटलं, आज सासूबाई आल्यात, हे काही इतक्यात जेवायला येत नाहीत. जरा बसमध्ये जाऊन आडवा झालो, तर...” पुढचं त्याला बोलता आलं नाही, कारण चलाचलाने धावत जाऊन त्याला घट्ट मिठी मारली होती. दोघं कधी एकमेकांशी धड दोन गोड शब्द बोलले नव्हते. मामा आधी संकोचला, मग धुळीकडे पाहिलं, मग त्यानेही मिठी मारली.

चलाचला मटकन खाली बसला आणि रडू लागला. लहान मूल रडतं तसा, हुंदके देऊन. दुःख नव्हतं त्यात. सगळे जिवंत आहेत, एवढंच त्याला कळत होतं, आणि ते एवढं मोठं होतं की छातीत मावत नव्हतं.

मंडळी एकेक करून टेकाडावर आली. नवरीने नवऱ्याचा दंड धरला तो सोडलाच नाही. मुख्याध्यापक गळ्यातला कॅमेरा उगाच पुसत राहिले. सासूबाई सगळ्यात शेवटी, आपल्या चालीने, दम घेत घेत आल्या. खाली बघून त्या चलाचलाजवळ आल्या.

“रोज इथे बसवायचात लोकांना?” त्यांनी विचारलं.

“हो.” त्याने डोळे पुसले. “मला वाटायचं, हीच खरी जागा. ती हंडेवाली पडेल म्हणून तिथून पळवायचो, आणि इथे आणून बसवायचो, आई. वरून कच पडायची, तर मीठ म्हणायचो.”

मीठ म्हणताना त्याला पुन्हा हुंदका आला. आजी इतके दिवस सांगत होती, आणि त्याने विनोद करून ते उडवून लावलं होतं. वडिलांचं वाक्य त्याने जन्मभर पाठ केलं, पण दगड ओरडत नसला तरी कुजबुजतो, हे त्याला आज कळत होतं.

सासूबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. जावयाच्या डोक्यावर हात ठेवायची ही त्यांची पहिलीच वेळ. “जाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं सांभाळून आणलंत, आजही आणलंत. आणि बरं झालं मी तुमचं ऐकलं नाही ते.”

पहिला हसला तो मामा. मग सगळेच हसू लागले, आणि सगळ्यांत जास्त चलाचला. गाल ओले, नाक लाल, आणि हसू थांबेना. सासूबाईंच्या पिशवीतून बिस्किटांचे पुडे निघाले, संत्री निघाली. उघड्यावर, कशाचीही सावली नसलेल्या जागी, रणरणत्या उन्हात बसून मंडळींनी ती खाल्ली. इतकं चवदार जेवण कुठल्याच सहलीत झालं नसेल.

पुढचं थोडक्यात सांगून टाकतो. माळावर माणसं आली, तपासणी झाली, आजीभोवती आणि हंडेवालीभोवतीही दोर बांधले गेले. आता फोटो लांबूनच निघतात. साहेब कुरकुरले, पण लोक यायचे थांबले नाहीत. ऑफिसच्या भिंतीवरचा विटका फोटो उतरवून तिथे मुख्याध्यापकांनी पाठवलेला लावलाय. आवाजाने त्यांचा हात उडाला, त्यामुळे फोटो तिरका आलाय. सासूबाई धोंड्याकडे बघून हसतायत आणि शेजारी चलाचला, एक हात वर, डोळे गच्च मिटलेले, दात उपटून घेत असल्यासारखा. नीट पाहिलं तर दिसतं की सासूबाईंनी त्याचं मनगट घट्ट धरलंय.

ते का धरलं, ते त्यांनी त्याच दिवशी परतीच्या बसमध्ये सांगितलं. “आयुष्यभर माणसांची मापं घेतली, जावईबापू. माणूस घाबरला की त्याचे खांदे कानापर्यंत येतात. तुमचे सकाळपासून येत होते, आणि त्या हंडेवालीपाशी तर फारच. म्हटलं, एकदा हात धरून खाली उभं करावं, म्हणजे उतरतील.”

“मग उतरले का?” त्याने विचारलं.

सासूबाईंनी चष्मा वर करून बघितलं. “आत्ता उतरलेत.”

घरी पोचले तेव्हा बायको दारातच होती. “कशी झाली सहल?”

“छान झाली,” सासूबाई चपला काढत म्हणाल्या. “पण जेवायला वाढ बाई. आमचे डबे दगडाखाली राहिले.”

बायको हसली. मग तिचं लक्ष नवऱ्याकडे गेलं. धुळीने पांढरे झालेले केस, फाटलेला गुडघा, सुजलेले डोळे. तिचं हसू थांबलं. “अहो? काय झालं?”

एरवी तो म्हणाला असता, काही नाही, चल, पान वाढ. पण तो उंबऱ्यावरच बसला. “मला भीती वाटते,” तो म्हणाला. “त्या दगडांची. पहिल्या दिवसापासून वाटते. तुला कधी सांगितलं नाही.” आणि मग तो सांगत सुटला. वडिलांचा पाय, भेग, घाम, आजी, मामाचा एक बूट, सगळं. बायको त्याच्या शेजारी उंबऱ्यावर बसून ऐकत राहिली. मधेच तिने त्याच्या केसांतली धूळ झटकली. त्याला कुठेच जायचं नव्हतं, आणि सांगायचं पुष्कळ होतं.

आतून ताटं मांडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ सासूबाईंचा.

“अहो जावईबापू! चला, चला! अन्न निवतंय!”